जास्वंदीच्या चोरीबद्दल खडकवासल्यापलीकडे काळं पाणी

आमच्या सोसायटीत माणसं एकमेकांशी बोलत नाहीत, नोटीस लावतात. पण आमचे हे पहाटे पिशवी आणि आकडी घेऊन फिरायला निघाले आणि अध्यक्षांच्या जास्वंदीखाली रंगेहाथ सापडले, तेव्हा थेट सभाच भरली. अध्यक्ष जोगसर इतिहासाचे निवृत्त शिक्षक. "इंग्रज चोरांना बोटीत घालून अंदमानला धाडत," ते म्हणाले. "आपण यांना माझ्या शेतघरावर धाडू. आठवडाभर काळं पाणी."

"अहो, देवासाठी तोडली ना!" मी म्हणाले.

"देव तुमचा, झाड माझं."

सगळ्यांचे हात वर झाले. ह्यांचाही झाला, सवयीने. पहारेकरी म्हणून मला नेमलं.

आम्ही मंगळवारी स्वारगेटहून निघालो. तुम्हीही शनिवार-रविवार टाळा, धरणावर पाय ठेवायला जागा नसते.

"एक कैदी, एक पहारेकरी, खडकवासला," मी कंडक्टरला सांगितलं.

"पहाऱ्याला सवलत नाही. सुट्टे द्या."

धरणाकाठी गरम कांदाभजी खाल्ली. पाण्याकडे बघत हे म्हणाले, "हेच का काळं पाणी? आपल्या नळाला येतं तेच की." पुढे शेअर जीप. ती भरल्याशिवाय हलत नाही, त्यामुळे भजी सावकाश खा. शेवटचा रस्ता कच्चा आहे. गुडघे दुखत असतील तर पुढची सीट धरा.

शेतघर म्हणजे पत्र्याची एक खोली. जेवण शेजारच्या वस्तीवरच्या हिराबाई आणून देत. पिठलं असं की मी पाककृती विचारली आणि त्या हसल्या.

"काय केलं म्हनं ह्यांनी?"

"फुलं चोरली."

"आन् हिकडं धाडलं?" त्यांनी बांधाकडे हात केला. जास्वंद, कण्हेर, झेंडू, नुसती दाटी. "हितं कोन इचारतंय? न्या की पाटीभर!"

फुकट मिळायला लागल्यावर ह्यांनी एकही फूल तोडलं नाही. मिरच्या लावल्या, आळी केली, दुपारी बाजेवर घोरले. निवृत्तीनंतर इतकं खूश मी त्यांना पाहिलं नव्हतं.

शिक्षा संपली. मी बॅग भरली.

"तू हो पुढे," हे म्हणाले. "अंदमानचे कैदी सुटल्यावर तिथेच जमीन कसून राहिले, जोगसरच सांगत होते."

मी चिडून जोगसरांना फोन लावला. त्यांना अभिमानच वाटला. "राहू द्या त्यांना. तुम्ही मात्र या, वहिनी. निर्दोष माणसाला तिथे ठेवणं नियमात बसत नाही."

परत येताना शेजारची सीट मोकळी राहिली आणि तेच नको वाटलं. घर जसंच्या तसं होतं. फॅनच्या वेगावरून भांडायला कुणी नव्हतं. सहल जाण्यासारखी आहे का? आहे. पण दोघं गेलात तर दोघं परत या, एवढं सांगते. मला करमत नव्हतं. त्यांचा राग येत होता, आणि तो काढायलाही तेच हवे होते.

सकाळी जोगसरांच्या दाराला दुधाची पिशवी लटकत होती. मी ती काढून घरी आणली आणि आलं ठेचून घातलं. चहा उकळत असताना बेल वाजली.

"वहिनी, माझं दूध पाहिलंत?"

"पाहिलं काय, चोरलं. या, अर्धा कप घ्या, आणि सभा आत्ताच बोलवा. मला दुपारची बस गाठायचीय."