साडभाऊंच्या बोनेटवरचं माझं भोक

साडभाऊंच्या लाल गाडीच्या बोनेटवर एका भोकाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी पसरलेलं आहे. पाहणाऱ्याला ती नक्षी वाटते. ती माझी कामगिरी आहे. उभ्या भंडारा जिल्ह्यात, अगदी गोंदिया वेगळा व्हायच्या आधीचा सगळा जिल्हा धरला तरी, फायबरला रेशमासारखं जपणारा माणूस एकच. आणि नेमकी त्याचीच गाडी तडकवण्याचा मान मला मिळाला.

साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मोहाडीला त्यांचं साड्यांचं दुकान. वडिलांच्या काळापर्यंत घरात हातमाग चालायचे. पन्नाशी ओलांडली की माणसं देवधर्माला लागतात, नाहीतर गुडघ्यांना तेल चोळत बसतात. ह्यांनी ट्रकमधून एका मोटारीचे सुटे भाग मागवले. दारं, बोनेट, मडगार्ड, सगळं फायबरचं, आणि त्यात कुठेही एक भोक म्हणून नाही. बिजागऱ्या, दिवे, आरसे, सगळं आपल्या हाताने भोकं पाडून एका जुन्या गाडीच्या सांगाड्यावर बसवायचं. ताईंनी कपाळाला हात लावला. साडभाऊंनी मात्र बोनेटची कडा दोन बोटांत धरली, साडीचा पोत पाहतात तशी, आणि खालची खरबरीत बाजू चाचपून मला म्हणाले, "अरे बाबू, हे तं कापडच हाय! काचेचं हाय एवढंच. म्हंजे आपल्या घरचंच काम झालं का नाही?"

तेव्हापासून त्या घरात भोक पाडणं हा एक सोहळा झाला. आधी खूण. खुणेवर चिकटपट्टी. खालून लाकडाची पाटी टेकवलेली, म्हणजे टोक बाहेर पडताना धागे ओढत नाही. भोक नेहमी वरच्या गुळगुळीत बाजूने. ड्रिल मशीन आधी उलटं फिरवायचं, म्हणजे वरचा रंगीत थर न तडकता हळूच खरवडला जातो. मग सुलटं, बारीक टोकाने. मग जाड टोकाने. दाबायचं नाही, मशीनच्या वजनाने जेवढं जाईल तेवढं जाऊ द्यायचं. "आपण येऊन राहिलो हे दोऱ्याले समजलं नाही पाहिजे," असं ते कुजबुजत सांगत, जणू दोरा ऐकतोय. फायबरच्या भुकटीने अंगाला भयंकर खाज सुटते, म्हणून वैशाखातसुद्धा रेनकोट घालून आणि तोंडाला ताईंचा स्टोल गुंडाळून ते अंगणात बसत. तरी खाज सुटायचीच. एकदा दुकानात एका नवरीच्या आईला शालू दाखवता दाखवता त्यांनी खांबाला अशी काही पाठ घासली की ती बाई शालू तिथेच टाकून समोरच्या दुकानात गेली. शेजाऱ्याने पाण्याच्या टाकीला भोक पाडून मागितलं, तर त्याला हाकलूनच लावलं. "प्लास्टिकले ताणा नाही, बाणा नाही. त्याले भोक पाडासाठी मले बोलावतं? उदबत्ती टेकव अन् मोकळा हो!" दसऱ्याला ड्रिल मशीनला झेंडूचं फूल वाहिलं जाई, वडिलांच्या हातमागाच्या जुन्या धोट्याच्या शेजारी. आणि येणाऱ्याजाणाऱ्याला एक वाक्य ऐकावंच लागे, "सारी गाडी पाहून घ्या. एक धागा उसवला नाही माझ्या हातून."

नातेवाईक पाठीमागे हसत. गाडी कधी अंगणाबाहेर पडणार नाही, यावर सगळ्यांचं एकमत होतं. पण साडभाऊंच्या एकुलत्या एक मुलीचं सिहोऱ्याला ठरलं आणि ती पोर भर बैठकीत म्हणाली, "मी जाईन तं बाबाच्याच गाडीत." झालं. मग साडभाऊ जेवणसुद्धा अंगणातच मागवू लागले.

लग्नाच्या आदल्या दिवशी फक्त बोनेटच्या खटक्याचं भोक राहिलं होतं. त्या दिवशी सकाळी मी तेच मशीन ठोक्यावर लावून मांडवाच्या दोऱ्यांसाठी भिंतीत भोकं पाडून हूक बसवले होते. सगळ्यांनी वाहवा केली. वाहवा मला सोसत नाही. साडभाऊ पाहुण्यांना आणायला वरठी स्टेशनवर गेलेले. म्हटलं, येईपर्यंत आपणच हे शेवटचं भोक पाडून त्यांना चकित करावं. चिकटपट्टी लावली, पाटी टेकवली, मशीन आधी उलटं फिरवलं. विसरलो एवढंच, की मशीन अजून भिंतीच्याच ठोक्यावर होतं. सिमेंट फोडणारा तो ठोका काचेच्या कापडावर बसला. कट्ट असा आवाज आला, आणि रंगाची खपली माझ्या चपलेवर येऊन पडली.

साडभाऊ आले. त्यांनी त्या तड्यांवरून एक बोट फिरवलं. "उसवलं," एवढंच म्हणाले. भरून, घासून, रंग द्यायला आता वेळ नव्हता. मी मान खाली घालून उभा. माझ्या हातातलं मशीन काढून घेत ते म्हणाले, "जेवला का नाही तू?" त्यापेक्षा त्यांनी कानाखाली दिली असती तर परवडली असती.

दुसऱ्या दिवशी पाठवणीला गाडी खरोखर मांडवासमोर उभी राहिली, चालू स्थितीत. हसणारेच दार उघडायला पुढे झाले आणि मुलगी आत बसली. तेवढ्यात नवऱ्या मुलाच्या काकांनी, त्यांचं तुमसरला गॅरेज आहे, बोनेटवर वाकून मोठ्याने विचारलं, "काहो याही, हे इथं काहून फुटलं?"

सारा मांडव बघू लागला. मी तोंड उघडलं. पण माझ्या शेजारीच माझे सासरे उभे होते, समोर सगळं सासर उभं होतं. तोंड तसंच मिटलं.

"माझ्याच हातून झालं जी," साडभाऊ म्हणाले. "शेवटचं भोक होतं. पोरगी जाऊन राहिली... हात थरथरला." आणि ते बोलता बोलता त्यांचा हात खरंच थरथरू लागला. मुलगी गाडीतून उतरली आणि बापाच्या गळ्यात पडली. गॅरेजवाले काकासुद्धा रुमाल शोधू लागले. मी अक्षता मुठीत दाबून जमिनीकडे बघत होतो.

परतताना बसमध्ये बायकोने आधी तिकिटाचे पैसे मोजून पर्समध्ये ठेवले. मग म्हणाली, "तुमी चूप राहिले ते बरंच झालं. चार लोकांत रडाले भाऊजीले काही तरी निमित्त पाहिजेच होतं." मी जरा सावरून बसलो. तशी ती म्हणाली, "पण तुमी काही त्याच्यासाठी चूप नव्हते राहिले."