मनोरमेचा पदर कुठल्या खांद्यावर?

माझ्या लग्नाच्या बायकोचा पदर मी सरकारी खर्चाने एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर नेला. हा गुन्हा लालबागला माझ्या सासुरवाडीत आजही भिंतीवर टांगलेला आहे. आल्यागेल्याला तो चहाच्या आधी दाखवतात.

माझी बाजू कुणी ऐकून घेत नाही, म्हणून लिहून काढतो.

गिरगावात माझा छापखाना होता. तो मी स्वतः उभा केला. वडिलांकडून मला फक्त आडनाव आणि तापट डोकं मिळालं. सावंतवाडीहून आलो, दुसऱ्याच्या छापखान्यात लिथोचे, म्हणजे दगडावरच्या छपाईचे, दगड घासले, मग गिऱ्हाइकांशी घासाघीस करत करत मालक झालो. ठरलेल्या भावात मी आयुष्यात एकच गोष्ट घेतली, ती म्हणजे बायको. (तिथेही मी तोंड उघडलं होतं, पण सासऱ्यांनी नुसतं बघितलं आणि मी मिटलं.)

सासरे म्हणजे तात्या. गिरणीतून निवृत्त झालेले, पण आवाज साच्याच्या खडखडाटावर चढवलेला तो तसाच. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रत्येक मोर्च्यात तात्या पुढे. मीही त्याच बाजूचा. फुकट पत्रकं छापून दिली आहेत! पण एका हरताळाच्या दिवशी माझ्या छापखान्याच्या दाराची फळी अर्धी उघडी राहिली. एका मुलीच्या लग्नाच्या पत्रिका अडकल्या होत्या, आणि मुहूर्त काही हरताळ पाळत नाही. नेमका मोर्चा गल्लीवरून गेला. मोर्च्याच्या पुढे तात्या.

"अर्धीच उघडी होती, तात्या!"

"जावयबापू, हरताळ म्हणजे हरताळ. अर्धो हरताळ खंय असता?"

त्या दिवसापासून तात्या माझ्याशी बोलेनात. सणाला गेलो की ते गॅलरीत जाऊन उभे राहत आणि माझ्याबद्दल जे सांगायचं ते समोरच्या चाळीला सांगत. मनोरमा म्हणे, "तुम्ही काहीतरी असं करा की तात्यांना लोकांत तुमचं नाव घेता आलं पाहिजे."

अशात कोटातल्या, म्हणजे फोर्टमधल्या, एका सरकारी कचेरीतून बोलावणं आलं. परदेशी प्रवाशांना भारतात बोलावण्यासाठी मोठं रंगीत भित्तिचित्र छापायचं होतं. विलायतेतल्या बोटींच्या कचेऱ्यांत ते लागणार. माझ्यासमोर बसलेले साहेब पुण्याकडचे, प्रत्येक शब्द इस्त्री करून बोलणारे.

"हत्ती, गारुडी, खिळ्यांवर झोपलेला साधू, हे काहीही नको. आपला देश म्हणजे जत्रा नव्हे. चित्रात एक सुसंस्कृत गृहिणी पाहुण्याचं स्वागत करताना हवी."

"उत्तम. हातात तबक, पाहुण्याला विडा देते आहे."

"छान! मात्र ती भारतीय दिसली पाहिजे. कुठल्याही प्रांताची दिसता कामा नये. सध्याचं वातावरण आपण जाणताच."

"साहेब, मला आजवर जी बाई भेटली ती कुठल्यातरी गावचीच भेटली!"

साहेब हसले नाहीत. मग आमची घासाघीस सुरू झाली. पैशांची नव्हे, बाईची. मी नऊवारी म्हटलं, ते म्हणाले प्रांतिक. मी अंबाडा म्हटलं, ते म्हणाले चालेल, पण वेणी जास्त नको. मी नथ म्हटलं.

"नथ प्रांतिक आहे."

"दागिना आहे! कुठल्या देशातल्या बाईला दागिना नको असतो?"

"नथ नको."

"मग बाईच नको! भिंतीवर नुसतं तबक लावा!" आणि मी उठलो. (दारापर्यंत हळू चालायचं असतं. हा धंद्यातला पहिला धडा.) दाराशी पोचायच्या आत हाक आली. नऊवारी मी सोडली, नथ मी मिळवली. सहावारी साडी, डाव्या खांद्यावर पदर, नाकात नथ, उजव्या हातात विडा. देशाची ओळख ठरवायला एवढाच वेळ लागतो, फक्त एक माणूस उठून जायला तयार पाहिजे.

नमुन्याला बाई कोण? अर्थात मनोरमा! तिला पैसे द्यावे लागत नाहीत, असा माझा त्या वेळी समज होता. शालू आला, चोळी शिवली गेली, आणि बातमी लालबागला पोचली. पुढच्या खेपेला मी तिथे गेलो तेव्हा तात्या गॅलरीतून थेट आत आले आणि कित्येक महिन्यांनी माझ्या तोंडाकडे बघून बोलले.

"नथ ऱ्हवली?"

"राहिली, तात्या. भांडून ठेवली."

"शाबास! म्हणजे गोरो साहेब मुंबईक येवच्या आधीच मराठी बाई बघतलो! माझा चेडू विलायतेत जातला!" मग गॅलरीत जाऊन समोरच्या चाळीला, "आमचे जावय! आतल्या गोटात शिरान काम करतत!" अर्ध्या फळीचं पाप अर्धं फिटलं. उरलेलं अर्धं फेडायला ठरलं की चित्र छापून झालं की पहिली प्रत लालबागच्या चाळीच्या चौकात, सर्वांसमोर उलगडायची. नारळ वगैरे फोडून.

आता गुन्ह्याकडे येतो. तो करणारं यंत्र मी नुकतंच विकत घेतलं होतं, जुनं ऑफसेट मशीन. विकणारे पारशीबाबा ते कसं चालतं हे सांगत होते, आणि मी म्हणत होतो, "भाषण नको, शेटजी, भाव बोला." शेवटी भाव इतका खाली आला की त्यांचा समजावून सांगण्यातला उत्साहच संपला. मी विजयी होऊन मशीन घरी आणलं.

दगडावरच्या छपाईत चित्र उलटं काढायचं असतं, म्हणजे कागदावर सुलटं उमटतं. रबरी शिक्क्यासारखं. जन्मभर आम्ही तेच केलं. पण ऑफसेटमध्ये चित्र पत्र्यावरून आधी रबरावर उमटतं आणि रबरावरून कागदावर. दोनदा उलटतं, म्हणून काढताना सरळच काढायचं. पारशीबाबा सांगत होते ते हेच!

चित्र काढायला खोताच्या वाडीतला आंतोन पेंटर. दुकानांच्या पाट्यांपासून चर्चमधल्या देवदूतांपर्यंत सगळं काढायचा. त्याने कुंचला बुडवून विचारलं, "बाईला उलटीच काढायची ना, शेट?"

"उलटीच! इतकी वर्षं काय सरळ काढत होतास?"

आंतोनने मनापासून उलटी काढली. आणि इतकी सुंदर! डोळ्यांत असं आगत्य, की मला पाहुणा व्हावंसं वाटलं. (घरी माझ्याकडे तसं कधी कुणी बघितलेलं नाही.)

कच्ची प्रत निघाली. अक्षरं नंतर टाइपाने वेगळी छापायची होती, त्यामुळे कागदावर नुसती बाई. मी बघितली; मला ठीक वाटली. उलटी चित्रं बघण्यात माझी अर्धी हयात गेलेली! आंतोनने बघितली, त्यानेच तशी काढलेली, त्यालाही ठीक वाटली. तरी मी काळजी घेतली. मनोरमेला बोलावलं. ती कागदासमोर उभी राहिली आणि तिचे डोळे भरून आले.

"अगोबाई! अगदी माझ्यासारखी! आरशात दिसते तश्शी!"

हे शब्द तिचे! हिच्या संमतीवर मी सगळा गठ्ठा छापला. ही गोष्ट आज घरात कुणालाही आठवत नाही. माझं दुःख आहे ते हेच.

लालबागला चौकात माणसं मावत नव्हती. गॅलऱ्या भरलेल्या. "मुंबई आमची" असं लिहिलेल्या कापडाखाली टेबल. तात्यांनी धुतलेली टोपी घातली होती. नारळ फुटला. मी आणि तात्यांनी दोन टोकं धरून कागद उलगडला. टाळ्या सुरू झाल्या आणि मधेच थांबल्या.

तात्या चित्राकडे बघत होते. मग मनोरमेकडे. मग परत चित्राकडे.

"जावयबापू," ते हळू आवाजात म्हणाले. तात्यांचा हळू आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "हो पदर खंयच्या खांद्यार गेलो?"

"डाव्या..." मी म्हटलं, आणि बोट दाखवायला गेलो. बोट उजव्या खांद्यावर टेकलं.

पुढच्या क्षणाला चौकात जे झालं त्याला सभा म्हणता येणार नाही.

"उजव्या खांद्यावर पदर! गुजराती केली की हो तात्यांच्या मनीला!"

"अगो, नथ बघ! उजव्या नाकपुडीत!"

"अगो बाय, डाव्या हातान इडो देता गो! पावण्याक म्हणता, घे आणि चालू पड!"

तात्या आता नेहमीच्या आवाजावर आले. "आमी हय मुंबईसाठी घसो सुकवतंव, आणि तुमी माझ्या चेडवाकच तिकडे देवन टाकल्यात!"

"तात्या, ही मशीनची चूक आहे. दोनदा उलटतं..."

"मशीन दोनदा उलटला, तुमी किती वेळा उलटल्यात?"

मी मनोरमेकडे वळलो. "अगं, सांग ना! तूच म्हणालीस ना, अगदी माझ्यासारखी?"

"मी चेहऱ्याबद्दल म्हणाले!" ती कडाडली. "डाव्या हाताने विडा देताना मला कधी बघितलंत? मी नाही यायची गिरगावला. आधी मला सरळ करा!"

मी एकटाच घरी परतलो. कसं कोण जाणे, बातमी माझ्या आधी पोचली होती. शेजारच्या शांताबेन दारात हसत उभ्या. हातात ढोकळ्याची ताटली. "मनोरमाबेन केवां सरस लागे छे! अमारो पल्लू बहु शोभे छे!" बिचारीच्या मनात काही नव्हतं. पण ढोकळा मी गॅलरीत उभं राहून खाल्ला असता, तर लालबागला तोही कळला असता. दार लावून खाल्ला.

दुसऱ्या दिवशी कचेरीत. गठ्ठा परत येणार, मशीन विकावं लागणार, बायको लालबागला राहणार, हे मी जिना चढतानाच ठरवून टाकलं. साहेबांपुढे मान खाली घालून प्रत ठेवली. (आयुष्यात प्रथमच एका शब्दाचीही घासाघीस नाही.)

साहेबांनी प्रत उचलून उजेडात धरली. मग त्यांनी आपल्या समितीतल्या मंडळींना बोलावलं. त्यांतले गुजराती सभासद पुढे झाले, "वा, पदर आपला!" मद्रासकडचे म्हणाले, नाकातला दागिना उजवीकडे, हीच खरी रीत. साहेबांनी स्वतः नथ पाहिली आणि त्यांच्याही चेहऱ्यावर प्रांतिक समाधान दिसलं.

"अप्रतिम!" साहेब म्हणाले. "मला हेच हवं होतं. ही बाई एकाच वेळी सगळ्यांची आहे आणि कुणाचीच नाही. हे तुम्हाला सुचलं कसं?"

"अभ्यास, साहेब," मी मान वर करत म्हटलं.

"फक्त तो डावा हात. विडा डाव्या हाताने देणं हा देशाचा अपमान आहे."

"मजकूर तिथे छापू, साहेब. हात झाकला जाईल."

अशा रीतीने आमच्या मनोरमेच्या हातावर इंग्रजी 'सुस्वागतम्' बसलं आणि ती विलायतेला रवाना झाली, पाहुण्याला विड्याऐवजी अक्षरं देत. मी विजयाची बातमी घेऊन लालबागला धावलो. तात्या म्हणाले, "म्हणजे आता हातय गेलो?" आणि गॅलरीत निघून गेले.

आंतोनकडून मी सरळ चित्र काढवून देतो म्हटलं. तात्यांना भरवसा नव्हता. "तुमी आता सरळ करूक गेल्यात की ती डोक्यार उभी ऱ्हवतली." शेवटी इलाज त्यांनीच काढला. चौकात उलगडलेली ती पहिली प्रत त्यांनी चौकटीत बसवली आणि समोरच्या भिंतीवर, न्हाव्याच्या दुकानातून आणलेला मोठा आरसा टांगला. पाहुणा आला की त्याला चित्राकडे पाठ करून उभं करायचं आणि आरशात बघायला लावायचं. आरशात पदर डावीकडे, नथ डावीकडे, विडा उजव्या हातात. मराठी बाई, जशीच्या तशी! तिथे मनोरमेचं समाधान झालं आणि ती घरी आली. माझ्या शब्दावर नव्हे, आरशाच्या.

पुढे मुंबईसह महाराष्ट्र झाला. पेढे वाटायला आम्ही लालबागला गेलो. तात्यांनी मला प्रेमाने जवळ ओढलं, चित्राशेजारी उभं केलं आणि आरशाकडे बोट दाखवलं.

"बघा जावयबापू, आता कसा बरोबर दिसता!"

मी बघितलं. खिसा डावीकडे शिवलेला सदरा, आरशात तो उजवीकडे. पेढा उजव्या हातात, आरशात डाव्या. आरशात मनोरमा अगदी सरळ होती. तिच्याशेजारी उभा असलेला जावई तेवढा उलटा!