भोंगाबाई आणि मिस्त्रींचं बोलणं

आईबापांनी तिला एक चांगलं नाव ठेवलं होतं. पण त्या नावाने हाक मारणारी माणसं एकेक करून गेली आणि मागे उरलं ते भोंगाबाई. तिने तोंड उघडलं की खालच्या मजल्यावरचं मांजर उठून बसायचं. आता यात तिचा काय दोष? उभा जन्म कापडाच्या गिरणीत माग चालवण्यात गेला. एका छपराखाली एवढे माग एकदम धडाडायला लागल्यावर कान तरी किती सोसणार? आधी शिट्टी वाजवतो, मग कुरकुरतो, मग एक दिवस राजीनामा देऊन मोकळा होतो. स्वतःचाच आवाज ज्याला ऐकू येत नाही, त्याने तो मोजून मापून काढायचा कसा?

मागाच्या खात्यात तोंडाने बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. त्यातून हवेत सदा कापसाची धूळ, म्हणून सगळ्यांच्या नाकातोंडावर फडकं. मग बोलायचं कशाने? हाताने. दोन बोटं कपाळाला लावली की साहेब आला. मूठ कानाशी फिरवली की डोकं खाऊ नको. असं करत करत गिरणीतल्या बायकांनी आख्खी भाषा उभी केली होती. त्यात चहा होता, सासू होती, पोटदुखी होती, आणि काही शब्द असे होते की ते पोराबाळांसमोर हात पदराखाली घेऊनच बोलावेत.

मिस्त्री बिघडलेले माग दुरुस्त करायचे. भोंगाबाईचा माग वरचेवर बिघडायला लागला तेव्हा सगळ्या खात्याने ओळखलं की बिघाड मागात नाही. लग्नाचं त्यांनी विचारलं तेसुद्धा हातानेच, भर पाळीत. हाताचं बोलणं लांबूनही दिसतं, त्यामुळे तिच्याआधी समोरच्या रांगेतल्या बायकांनीच हो म्हणून टाकलं.

या बोलण्यात आणखी एक सोय होती. त्यात अहोजाहो नव्हतं. तोंडाने ती त्यांना ‘अहो’ म्हणायची, चारचौघांत ‘आमचे हे’ म्हणायची, पण हाताने सरळ ‘तू’. भांडण, लाड, शेजारणीची उणीदुणी, सगळं त्या ‘तू’मध्ये मावायचं. गिरणी बंद झाली, केस पिकले, बोलणं तेच राहिलं. मिस्त्रींना कानाने बऱ्यापैकी ऐकू यायचं. जगाशी ते तोंडाने बोलत आणि बायकोशी हाताने.

लेक मात्र ते शिकली नाही. आईबाप पाळीवर, लेक आजीच्या मांडीवर, असं तिचं लहानपण गेलं. मोठी झाल्यावर तर, “आई, बाहेर हातवारे करू नकोस गं, लोक बघतात.” तिने आपली वेगळी सोय लावली. आईच्या पुढ्यात उभं राहायचं, ओठ मोठे करायचे आणि एकेक शब्द सुटा सुटा टाकायचा. भोंगाबाई ते वाचायची. लेकीचे ओठ तिला पाठ झाले होते.

जावई जहाजावर, वर्षाकाठी एकदा येणार. घरात राहिली चौघं. म्हातारा-म्हातारी, लेक आणि कॉलेजात जाणारी नात. लेक कामाला होती त्या कचेरीत दवाखान्यांची यंत्रं विकायचे. तिथूनच तिने एके दिवशी घरभर पुरतील एवढी यंत्रं आणली. गादीखाली पट्टी, म्हणजे झोप कळते. मनगटाला घड्याळ, म्हणजे नाडी कळते. न्हाणीघरात चटई, म्हणजे कोण घसरलं ते कळतं. आणि खोलीखोलीत एकेक पांढरी डबी. ती ऐकते, बोलते, गोळ्यांची आठवण करते आणि दिवे लहानमोठे करते.

कोणालाच तिने सोडलं नाही. नातीने फोनमध्ये किती वेळ डोळे घातले ते डबी सांगायची. लेकीचा रक्तदाब वाढला की तिलाच म्हणायची, जरा बसा. लेक म्हणाली, “अगं, मलासुद्धा ओरडते ती.” आणि आनंदाने म्हणाली. तिला ओरडणारं माणूस बऱ्याच वर्षांत घरात नव्हतं ना.

प्रत्येकाचा रंग लेकीच्या फोनवर उमटायचा. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सांभाळा, लाल म्हणजे धावा. म्हातारा-म्हातारीचं चालणं हिरवं, झोप हिरवी, नाडी हिरवी. एकच खाना पहिल्या आठवड्यापासून लालभडक. बोलणं.

लेकीने दोघांना समोरासमोर बसवलं.

“तुमचं काही बिनसलंय का?”

“कोणाचं?” मिस्त्री म्हणाले.

“तुमचं आणि आईचं. दिवसभर एक शब्द बोलत नाही तुम्ही. अशानं माणूस खचतं बाबा, डॉक्टर सांगतात.”

मिस्त्रींनी हाताने बायकोला सांगितलं, ‘आपण भांडलोय म्हणे.’ तिने हातानेच विचारलं, ‘कशावरून?’ ‘ते अजून कळलं नाही. तुला काही आठवतंय?’ आणि दोघं खदखदून हसली. हसण्याचा आवाज झाला तेवढा डबीने जमेला धरला.

लेकीने समजावलं, डबीला हात दिसत नाहीत, तिला आवाज लागतो. मग भोंगाबाईने तोंडाने बोलून पाहिलं. “अहो, भाजी संपली!” एवढंच म्हणाली बिचारी. पण तिच्या आवाजात भाजी संपणं म्हणजे घराला आग लागणं. डबीने लगेच दिवे मंद केले, कसलंसं गोड वाद्य वाजवलं आणि लेकीला कचेरीत कळवलं की घरात वाद चालू आहे.

तेव्हा असं ठरलं की बोलायचं काम मिस्त्रींचं. रोज दुपारी त्यांनी बायकोपुढे बसून पेपर मोठ्याने वाचायचा. भोंगाबाईच्या कानावर त्यातलं अक्षर पडायचं नाही. ती शेंगा सोलायची, मधूनच मान डोलवायची. लेकीसाठी एवढं करायला तिची ना नव्हती. लाल खाना पिवळा झाला, पिवळ्याचा हिरवा झाला. लेकीच्या चेहऱ्यावरची रेघ गेली. फक्त पेपर धरायला दोन्ही हात लागतात, त्यामुळे दुपारच्या दुपारी मिस्त्री बायकोशी गप्प राहायला लागले.

मग एकदा जेवताना मिस्त्रींनी हाताने मीठ मागितलं आणि तिला ते वेगळंच काही दिसलं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मागे रेंगाळलं होतं. तिने विचारलं, ‘काय म्हणालास?’ त्यांनी पुन्हा केलं. या वेळी बरोबर. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच, शब्दाचं शेपूट गळलेलं. तिने विचारलं तर म्हणाले, ‘हात झोपतो जरा. वय झालं, त्यालाही झोप लागते.’

तिने लेकीला गाठलं. “ह्यांचा हात बोबडा झालाय.”

“हात बोबडा? म्हणजे दुखतोय का?”

“दुखत नाही. बोबडा बोलतो.”

लेकीने लगेच बापाला आपला हात दाबायला लावला. मिस्त्रींनी असा दाबला की ती ‘आई गं’ म्हणाली. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी पुढच्या आठवड्यात घेऊन या म्हटलं. मग तिने फोन उघडून आईच्या डोळ्यांपुढे धरला. नाडी हिरवी, झोप हिरवी, चालणं हिरवं. बोलणं तर नुसतं हिरवं नाही, खाली लिहून आलं होतं की उच्चार स्वच्छ. लेकीने ओठ मोठे करून ते वाचून दाखवलं. “स्व-च्छ, आई.”

भोंगाबाई त्या हिरव्याकडे बघत राहिली. खोटं कशाला बोला, तिलाही बरं वाटलं. एवढं शिकलेलं यंत्र, रात्रंदिवस जागं. आपल्या डोळ्यांत मोतीबिंदू. आपणच चुकीचं वाचलं असेल. तिने पुढचा आठवडा येऊ दिला.

तो यायच्या आधी एका दुपारी पेपर मिस्त्रींच्या गुडघ्यांवरून घसरून जमिनीवर गेला. तिला वाटलं, डुलकी लागली. वर बघते तर डोळे उघडे, तोंड चालू, आणि उजवा हात खुर्चीवरून खाली लोंबतोय, ओल्या टॉवेलासारखा. ती ओरडली. डबीकडे तोंड करून पोटाच्या देठापासून ओरडली, “धावा! ह्यांना बघा!” डबीने दिवे मंद केले.

ती दाराकडे धावली, पुन्हा आत आली, काय करावं सुचेना. तेवढ्यात डबीवर लाल दिवा लागला. मिस्त्रीच बोलले होते डबीशी, सावकाश, शब्द तोडून. मला बरं नाही, लेकीला बोलवा, गाडी बोलवा. डबीने सगळं बोलावलं. नाही म्हणू नये, गाडी झटकन आली. भोंगाबाईला मात्र हे नंतर कळलं. तेव्हा तिला इतकंच दिसलं की आपण गळा फाडला आणि खोली संध्याकाळसारखी अंधारली.

दवाखान्यात डॉक्टर बाहेर आले आणि लेकीशी काहीतरी बोलले. लेक रडत रडत हसली, नातीच्या गळ्यात पडली, जहाजावर फोन लावला. भोंगाबाई एकीकडून दुसरीकडे बघत होती. शेवटी लेकीने तिचे खांदे धरले आणि ओठ मोठे केले.

“बाबा वाचले. उजवी बाजू गेलीय, पण वाचा शाबूत आहे. बोलतात, आई! बो-ल-ता-त!”

भोंगाबाईने पलंगाकडे बघितलं. उजवा हात चादरीवर उताणा पडला होता. बोटं जराशी वळलेली, जशी वाक्याच्या सुरुवातीला वळायची. ती वाट बघत राहिली. पुढे काही आलं नाही.

“काय गं आजी, आनंद नाही का झाला?” नातीने पुढ्यात येऊन, आईसारखेच ओठ मोठे करून विचारलं.

“झाला की,” ती म्हणाली आणि सगळा वॉर्ड वळून बघायला लागला.

घरी आणल्यावर मिस्त्री दिवसभर बोलत. लेकीशी, नातीशी, व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंशी, गोळ्यांच्या वेळी डबीशी. बाई म्हणाल्या, हातात थोडं बळ येईल, किती ते सांगता येत नाही. आणि ते बायकोशीही बोलत, तोंडाने. कुठलीशी जुनी कानात घालायची मशीन लेकीने शोधून तिला लावून दिली. तिच्यातून भोंगाबाईला भांडी ऐकू आली, पंखा ऐकू आला, नवऱ्याचा आवाज त्या खडखडाटात कुठेतरी खाली गाडलेला.

ओठ वाचायचे म्हटलं तर त्यांवर मिशांचं छप्पर. मग एका सकाळी तिने त्यांना आरशासमोर बसवलं, साबण फासला आणि इतक्या वर्षांची ती मिशी उतरवली. मिस्त्रींनी मान कुठे हलवली नाही. खालून निघाला तो अनोळखी, गोरटेला ओठ, एका बाजूला ओघळलेला. अर्ध्या तोंडाने शब्द येत आणि उरलेल्या अर्ध्यात विरून जात. ‘पाणी’ तिला कळलं. ‘पुरे’ कळलं. माणूस काय पाणी आणि पुरे एवढ्यावर जगतं?

डाव्या हाताने त्यांनी प्रयत्न केला. आयुष्यभर तो हात पाने-पक्कड धरायला मदतनीस होता, बोलायची त्याला सवय नव्हती. त्याचं बोलणं परक्या माणसासारखं. एक शब्द ओळखू येई, तोवर दुसरा सांडलेला.

मग असं झालं की दोघांचं बोलणं तिनेच करायचं. ती आपल्या हातांनी विचारायची, ते मानेने हो-नाही सांगायचे. दुखतंय? नाही. झोपायचं? हो. तेवढ्यावर दिवस ढकलता यायचा.

एका दुपारी मात्र त्यांना काहीतरी सांगायचंच होतं. डावा हात उठत होता, पडत होता. ती पुढ्यात स्टूल ओढून बसली. ‘पाणी?’ नाही. ‘पाठ चोळू?’ नाही. ‘लेकीचं काही?’ नाही. ‘गिरणीतलं?’ जरा थांबले, मग नाही. लेक त्या दिवशी घरी होती. ती बापाजवळ वाकली.

“बाबा, मला सांगा. मी आईला सांगते.”

“तुला नाही सांगता यायचं.”

“असं आहे तरी काय?”

“आमचं आपलं आहे.”

लेकीने आईकडे वळून ओठ मोठे केले. “ते म्हणतात, तु-मचं आ-पलं आहे.”

“ते मला ठाऊक आहे!” भोंगाबाई गरजली. “काय ते विचार!”

लेकीने पुन्हा विचारलं. मिस्त्रींनी डोळे मिटून घेतले. लेक थोडा वेळ दोघांच्या मध्ये उभी राहिली, मग पदराला नसलेली धूळ झटकत आत गेली.

भोंगाबाईने पुन्हा हात उचलले. ‘माझं काही चुकलं?’ नाही. ‘भीती वाटते?’ नाही. ‘माझी काळजी?’ मान ना इकडे हलली ना तिकडे. ‘कोणी भेटायला हवंय? काही खावंसं वाटतंय? उशी?’ नाही, नाही, नाही. तिचे खांदे भरून आले, पण हात खाली घेतले तर बोलणंच संपेल, म्हणून ती विचारत राहिली. मिस्त्री तिच्या हातांकडे बघत होते, मग तिच्या चेहऱ्याकडे बघायला लागले.

‘खिडकी लावू?’ तिने विचारलं.

त्यांनी मान डोलावली. हो.

खिडकी सकाळपासून लावलेलीच होती. भोंगाबाई उठली. तिने खिडकी उघडली आणि परत लावली.