मुतखड्याचं फडकं

लग्नानंतर दुसऱ्याच उन्हाळ्यात मी डॉक्टर झाले. शिक्षण मॅट्रिक, पेशंट एकच, तोही घरचा.

साठ साल उजाडायच्या आधीची ही गोष्ट. आमचे हे अकोल्याला शाळामास्तर. एका दुपारी कंबर धरून जे लोळायला लागले, ते पार अंगणापर्यंत लोळत गेले. सासूबाईंनी (आम्ही आत्याबाई म्हणायचो) ओवा दिला, हिंग दिला, शेवटी दृष्ट काढली. मी मात्र मॅट्रिक! "अमरावतीला नेऊ," मी म्हणाले. माहेर तिथंच होतं, हा निव्वळ योगायोग.

अमरावतीच्या डॉक्टरांनी कमरेचा फोटो काढला. म्हणाले, "मुगाएवढा मुतखडा आहे. बहुतेक कॅल्शियमचा." पुढेही ते बरंच बोलले म्हणे. पण कॅल्शियम म्हणजे चुना, हे मला शाळेतल्या आरोग्याच्या पुस्तकातून पाठ होतं! त्या आनंदात मी ऐकणं बंद केलं. कानात शिरलं ते एवढंच : लघवी फडक्यातून गाळायची, खडा सापडला तर घेऊन यायचं, आणि पंधरा दिवसांत नाही पडला तर कापावं लागेल.

कापणार! हे ऐकल्यावर माझी डॉक्टरी जोरात सुरू झाली. ह्यांचं पान बंद, कारण पानात चुना. दूध-दही बंद, कारण त्यातही चुना. त्याऐवजी रोज दोन्ही वेळा पालक. आणि पाणी? आमच्या माहेरी गवंडी चुन्याच्या भिंतीवर आठवडाभर पाणी मारायचा, चुना पक्का व्हावा म्हणून. म्हणजे पाण्यानं खडाही पक्का होणार! सरळ हिशोब. अकोल्याच्या एप्रिल महिन्यात मी नवऱ्याला दिवसाला मोजून दोन पेले पाणी दिलं.

"काहून वं, पोराले तहानेनं मारून राहिली का?" आत्याबाई ओरडल्या.

"तुम्हाला शास्त्र कळत नाही," मी म्हणाले. (सासूला! वय एकोणीस!)

हे मात्र निमूट सोसत. एक रुमाल खिशात घालून शाळेत जात आणि संध्याकाळी चक्क ताजेतवाने परतत. मी म्हणे, बघा, माझा गुण!

चौदाव्या दिवशी हिवरखेडहून मामा, म्हणजे आत्याबाईंचे भाऊ, आले. मी विहिरीवर होते. आत्याबाईंनीच चहा ठेवला. परत आले तर मामा तिसरा कप फुर्र करत होते.

"वा! असा च्या उभ्या जन्मात नाई पेलो, बाई!"

माझी नजर चुलीपाशी गेली. तिथं ओलं फडकं पडलं होतं. निळ्या काठाचं. *ते* फडकं!

"आत्याबाई, हे कुठून घेतलं?"

"दोरीवर सुकून राहिलं होतं. सफेत दिसलं, घेतलं. काहून?"

काहून ते सांगायला तोंड उघडलं आणि मला चहाच्या चोथ्यात तो दिसला. काळपट, टणक, मुगाएवढा! सकाळी माझ्या नजरेतून निसटलेला असणार.

"सापडला! सापडला! कापणं टळलं!" मी ओरडले. मामांनी विचारलं, "काय सापडलं?" आणि मी आनंदाच्या भरात खरं ते सांगून टाकलं. मामा मोरीकडे धावले. ते चार वर्षं आमच्या घरी पाणीसुद्धा प्याले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मोटारीनं अमरावती. वाटेत मी एकटीच बोलत होते. डॉक्टरांपुढे हिंगाच्या डबीतून खडा काढला. त्यांनी चिमट्यात धरला, नखानं दाबला, मग वास घेतला.

"बाई, हा विलायचीचा दाणा आहे."

मी तिथंच रडायला लागले. पंधरावा दिवस! आता कापणार!

तेव्हा ह्यांनी हळूच खिशातून रुमाल काढून टेबलावर उलगडला. आत होता भुरकट, काटेरी, अस्सल खडा.

"परवा शाळेत पडला."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलू देशीन तवा ना!"

डॉक्टरांनी खडा भिंगाखाली धरला. "छान! पाणी किती देता यांना?"

"दोन पेले. चुना पाण्यानं पक्का होतो ना."

"बाई, नवरा आहे की भिंत?"

मग कळलं. हे रोज शाळेतला अख्खा माठ रिकामा करत होते, म्हणून तो खडा सुटला होता. पुन्हा होऊ द्यायचा नसेल तर लघवी पाण्यासारखी स्वच्छ होईपर्यंत पाणी प्या, एवढंच डॉक्टरांचं म्हणणं होतं. ते त्यांनी पहिल्या दिवशीही सांगितलं होतं. दूध तर बिचारं निर्दोष होतं आणि पालकच चोर, हे मला आता माझ्या डॉक्टर नातसुनेनं सांगितलं.

त्या दिवसापासून मी हातात तांब्या धरला. नवरा, मुलं, नातवंडं, सगळ्यांना दटावून पाणी पाजलं. ह्यांना पुन्हा खडा झाला नाही.

गेल्या वैशाखात मला झाला.

"आजी, दिवसाला पाणी किती पिता?" नातसुनेनं विचारलं.

"दोन पेले," मी म्हणाले. पाजण्यातून प्यायला सवड कुठली?

तिनं सगळं नीट समजावलं. या वेळी मी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हटलं, "तेवढं गाळायला काहीतरी दे गं."

तर ती आधी उठली आणि घरातल्या साऱ्या चहाच्या गाळण्या कपाटात कुलूपबंद करून आली.