मावशींच्या ओठावरचा ताप

कुणी बाई बाळंतपणाला आली, की मावशी सगळ्यात आधी तिच्या नवऱ्याला गरम पाणी आणायला पिटाळत. "लौकर जा बापू. चांगलं उकळलेलं आण." तो बिचारा समोरच्या हॉटेलातून किटली भरून आणी. त्या पाण्यात मावशी साखर-पत्ती टाकत आणि आम्हाला चहा पाजत. "पाण्याचं काम न्हाई, पर माणसाला काम पायजे. न्हाईतर दारात उभं राहून नुसतं थरथरून राहतंय."

अशी एखादी बाई तुम्हीही कुठल्या ना कुठल्या दवाखान्यात पाहिली असेल. मुखेडच्या ज्या प्रसूतिगृहात मी नर्स आहे, तिथे मावशी माझ्या आधीपासून आया होत्या. बुटक्या, गोल, आणि आवाज असा की त्या कुजबुजल्या तरी बाहेरच्या रिक्षावाल्याला कळावं. डॉक्टरबाई सोडल्या तर कुणाला भीत नसत, आणि डॉक्टरबाईंनाही फक्त त्यांच्या तोंडावर भीत.

जन्मलेलं लेकरू पुसून कपड्यात गुंडाळलं, की नातेवाइकांकडे नेण्याआधी त्याच्या कपाळाचा पापा घ्यायचा, हा मावशींचा हक्क होता. आजी असो की आत्या, नंबर त्यांच्यानंतर. कुणी कुरकुरलं तर म्हणत, "आधी म्या बघितलंय."

हिमायतनगरला दिलेली एक मुलगी पहिल्या खेपेला मुखेडला माहेरी आली होती. सातव्या महिन्यात नवऱ्याला घेऊन तपासायला आली. लग्नानंतर तिला नाजूक जागी फोड आले होते आणि तिकडच्या डॉक्टरांनी हर्पीस सांगितलं होतं. ते बरे झाले, पण अधूनमधून परत उठत. त्यात तिने मोबाईलवर कुठेतरी वाचलं की बाळंत होताना बाळाला लागण होते आणि बाळ दगावतं. तेव्हापासून पोरीची झोप उडाली होती.

डॉक्टरबाईंनी समजावलं. आजार जुना आहे, त्याच्याशी लढायची ताकद आईकडून बाळालाही मिळते, धोका फार कमी. शेवटच्या महिन्यात रोज गोळ्या घ्यायच्या. कळा सुरू झाल्यावर फोड दिसले तर ऑपरेशन, नाहीतर सरळ बाळंतपण. नवरा सगळा वेळ फरशीकडे बघत होता. "आईला कळू देऊ नका," एवढंच बोलला.

ही आई, म्हणजे पोरीची सासू, पुढच्या तपासणीला हजर. गोळ्यांची पट्टी उलटीपालटी करून तिने मावशींना विचारलं, "ह्या कशाच्या म्हणायच्या?"

"सासूचा राग येऊ नये म्हणून देतेत," मावशी म्हणाल्या. "लई कडक डोस हाय."

सासूबाईंनी पट्टी झटकन सुनेच्या हातात परत दिली.

कळा सुरू झाल्या त्या सकाळी नेमका मावशींच्या खालच्या ओठावर फोडांचा पुंजका उठला होता. "उन्हाचा ताप निघाला," म्हणाल्या आणि आत शिरायला लागल्या. डॉक्टरबाईंनी त्यांना दारातच अडवलं. खपली पडेपर्यंत लेकरांना हात लावायचा नाही, पापा तर नाहीच.

"कामून?"

"हाही हर्पीसच आहे, मावशी. तिच्या आजाराचा सख्खा भाऊ. नुकत्या जन्मलेल्या बाळाला पाप्यातूनही लागू शकतो."

मावशींनी पदर तोंडावर ओढला आणि दोन पावलं मागे सरल्या.

आत डॉक्टरबाईंनी उजेड धरून नीट तपासलं. एकही फोड नव्हता. पण पोरीचा विश्वास बसेना. "तुमाला दिसला नसंल. ऑपरेशन करा, माझं लेकरू वाचवा," म्हणून तिने पाय आवळून घेतले. कळ आली की अंग चोरायची. वेळ जात होता आणि डॉक्टरबाईंचा चेहरा ताणला जात होता.

तेवढ्यात मावशींनी दार ढकललं आणि उंबऱ्याबाहेरूनच तोंडावरचा पदर खाली केला. "ए माय, हिकडं बघ. दिसलं का? तुझं हाय तेच माझं हाय. तू झाकून रडून राहिली, अन् म्या तोंडावर घेऊन आख्खा बाजार फिरून आले. कुणी काई म्हणलं का? आता डॉक्टरबाई न्हाई म्हणतेत तर न्हाई. ढकल लेकराला बाहीर."

पोरगी रडता रडता हसली. हसताना पाय सैल पडले आणि पुढची कळ तिने वाया घालवली नाही.

मावशींच्या आवाजाचं मी सांगितलंच आहे. बाहेरच्या बाकावरून सासूबाई उठल्या. "काय झालंय म्हणं माझ्या सुनेला?" मी दाराशीच होते, त्यांना अडवायला पुढे झाले.

मावशींनी स्वतःच्या ओठाकडे बोट केलं. "हे झालंय. तुमाला कधी उठलं न्हाई?"

"उठतंय की. दर उन्हाळ्यात."

"मग बसा खाली."

सासूबाई बसल्या.

मावशी भान विसरून बोलल्या की मुद्दाम, मला अजून ठाऊक नाही. मी रागावले तर म्हणाल्या, "मोठ्यानं बोलले का म्या, सिस्टर?"

मुलगी झाली, ठणठणीत. मावशींनी तिला हात लावला नाही. खोलीच्या दाराबाहेर स्टूल टाकून बसल्या आणि येणाऱ्या प्रत्येकाला अडवू लागल्या. "हात धुवा. पापा न्हाई. मलाच न्हाई तर तुमाला कुठला?" मधूनच मान लांब करून आतल्या गाठोड्याकडे बघत आणि पदर तोंडावर आणखी घट्ट दाबत. तेव्हा मला त्यांच्याविषयी फार माया वाटली.

यंदा ती पोरगी दुसऱ्या खेपेला आली, बरोबर सासूबाई. केसपेपर करणाऱ्या मुलीला तिने भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात सांगितलं, "मला हर्पीस हाय. शेवटच्या महिन्यात गोळ्या लागतेत." सासूबाई शेजारी बसून शेंगा खात होत्या. त्यांनी मानही वळवली नाही.

मग ती मला म्हणाली, "मावशी कुठं हायत? त्यांना सांगायचं होतं, ह्या बारीला म्या भ्याले न्हाई."

मावशी हिवाळ्यातच वारल्या होत्या. मी तसं सांगितलं. ती आतल्या दाराकडे बघत राहिली. सासूबाईंनी शेंगा बाजूला ठेवल्या आणि आपल्या पदराने सुनेचे डोळे पुसले.