दादाची गरीब गाठ

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. एरवी माझ्या फजित्या मीच मीठमसाला लावून सांगतो; निजामपुऱ्यात नाक्यावर माणसं खुर्ची ओढून ऐकतात. ही एक तेवढी गिळली.

दादा, माझा मोठा भाऊ, कापडाच्या डाईंगमध्ये रंग कालवायचा. त्याच्या मूत्राशयातली गाठ दुर्बिणीतून काढली. डॉक्टर म्हणाले, कॅन्सर आहे. पण ती पुढे गप्प राहील की पसरेल, याच्या खुणा तिच्यातच असतात. तुकडा मुंबईच्या लॅबला द्या. खुणा वाईट निघाल्या तर मूत्राशयच काढून टाकू.

तुकडा मेणाच्या वडीत बसवलेला, छोट्या डबीत. टेम्पो माझा, म्हणून काम माझं. वहिनी म्हणाली, "भावजी, एवढं तरी धड पोचवा." आता सांगा, जपायची वस्तू आपण कुठे ठेवतो? देवापाशी! डबी डॅशबोर्डवरच्या गणपतीपुढे ठेवली, वर जास्वंदही वाहिली. वाटेत काल्हेरला ट्रक तुंबलेले. टेम्पो कडेला लावून मी सावलीत मिसळ खाल्ली — दुसरी प्लेटही. ऊन मे महिन्याचं. परतलो तर डबी वाकडी, मेण पाघळून गणपतीच्या पायाशी.

हसू आलं. खरंच आलं. मग वहिनीचा चेहरा आठवला — आणि कशेळीच्या पुलावरून मी ते सगळं खाडीत फेकलं. लॅबवाल्यांनी तुकडा बहुतेक पुन्हा मेणात बसवला असता, हे नंतर कळलं. तेव्हा विचारलं का नाही? विचारलं असतं, तर पुन्हा येडा ठरलो असतो. एवढंच.

डॉक्टरांना सांगितलं, दादा तपासणीला तयार नाही. आणि दादाला — दादाला म्हणालो, "लॅबचा फोन आला. गाठ गरीब हाय. काय काढायचं न्हाय."

पुढच्या दुर्बिणीच्या तपासणीलाही तो गेला नाही. "गरीब हाय ना? मग तिला डिवचायची कशाला!" म्हणाला, आणि ड्युटीवर गेला.

लघवीत पुन्हा रक्त दिसलं तोवर गाठ हाडांत पोचली होती. मूत्राशय काढलं असतं तर वाचला असता? माहीत नाही. पण ठरवायचं त्यानं होतं — ते मी त्याच्याकडून काढून घेतलं.

शेवटी उशाशी बसून मी रडत होतो. त्यानं माझा हात धरला. "रडतोस काय, बाळ्या? लॅबवाल्यांचं चुकलं. तू काय करणार?"

वहिनीनं लॅबवाल्यांना शिव्या घातल्या. मीही दोन घातल्या.