मालतीकाकूंचं गाऱ्हाणं

आमच्या खारघरच्या सोसायटीत देवाकडे काही मागायचं असलं, की माणसं आधी मालतीकाकूंना गाठतात. काकू मूळच्या कणकवलीकडच्या. त्यांच्या गावी पूजा झाली की कुणी जाणता माणूस देवापुढे उभा राहून सगळ्यांच्या अडचणी मोठ्याने सांगतो आणि जमलेले लोक दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. हेच गाऱ्हाणं. इथे ते काकूंचे यजमान घालायचे. ते गेल्यावर काकूच उभ्या राहिल्या. "बायका कुठं गाऱ्हाणं घालतात?" असं साताऱ्याच्या सुचिताने तेव्हा नाक मुरडून विचारलं होतं. पुढच्याच वर्षी ती जावेचं भांडण घेऊन काकूंच्या दारात.

परवा सोसायटीच्या देवळाचा वर्धापनदिन होता. सकाळपासून लोक काकूंना लिफ्टमध्ये, जिन्यात अडवत होते.

"काकू, माझ्या व्हिसाचं टाका ना," वरच्या मजल्यावरचा हितेश म्हणाला.

"टाकते. पण गेल्या खेपेला तुझं लग्न टाकलं होतं. जमलं ना? मग पेढा कुठाय?"

आरती झाली. काकू पदर खोचून उभ्या राहिल्या. आमच्याशी त्या शहरी मराठी बोलतात, देवाशी मात्र मालवणीच.

"बा देवा म्हाराजा, आज जी काय सेवा केली, ती गोड मानून घे!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या हितेशाचा परदेशाचा काम आसा, ता मार्गी लाव!"

"व्हय म्हाराजा!"

मग जाईची बारावी, पाण्याचा टँकर, सुचिताचे गुडघे. आमचं अर्धं लक्ष शिऱ्याकडे. मी द्रोण मांडत होते. सूर तसूभरही न बदलता काकू म्हणाल्या,

"माझ्या पोटात गाठ गावली हा. सोमवारी आपरेशन आसा. झिलाक सांगूक नाय. माका भिया वाटता!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे एका सुरात, खणखणीत ओरडलो.

आणि मग आपण कशाला होकार दिला ते एकेकाच्या डोक्यात शिरलं. माझ्या हातातला द्रोण तसाच राहिला. हितेश तोंड उघडं टाकून उभा.

"काकू... सोबत कोण आहे?" मी कसंबसं विचारलं.

"रिक्षावाला," काकू हसून म्हणाल्या.

"आणि नंदकिशोर?" हा त्यांचा झिल, एकुलता मुलगा, मस्कतला असतो.

"नवी नोकरी आहे गं त्याची. उगाच टेन्शन कशाला?"

सुचिता पुढे झाली. तिने काकूंना दंडाला धरून आमच्यात खुर्चीवर बसवलं आणि स्वतः त्यांच्या जागी उभी राहिली. हात जोडले.

"बा देवा म्हाराजा," पुढची भाषा सगळी साताऱ्याची, "या बाईला आमी समद्यांनी आपापली रडगाणी सांगितली. बाई, तुझं काय, असं कुनी इचारलं नाय."

हितेशने मान खाली घातली.

"सोमवारी मी संगं जानार हाय. आन् पोराला आत्ता, हितंच फोन लावायची हिला बुद्धी दे!"

काकूंनी आमच्या सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं, मग देवाकडे. हळूच पर्समधून मोबाइल काढला.

"व्हय म्हाराजा," त्या म्हणाल्या. एकट्याच.